सरासरी तीस टक्के, तरी नेट का अडतं?

प्रश्न असा आहे. नांदेडला एमएस्सी करणारे एक विद्यार्थी आपल्या कॉलेजच्या नेटवर्कवर प्रोजेक्ट करतायत. कॉलेजला एक जीबीपीएसची, म्हणजे सेकंदाला एक गिगाबिट नेणारी, लीज लाइन (भाड्यानं घेतलेली खास जोडणी) आहे. आलेखात वापर तीस टक्क्यांच्या पुढे जात नाही, तरी लॅबमध्ये रोज ‘सर, नेट अडकलं’ ही ओरड आहेच. त्यांच्या सरांनी सांगितलं की, माणसांचे मेसेज, मेंदूतल्या पेशी आणि नेटवर्कमधली पॅकेटं (डेटाचे छोटे तुकडे), तिघांची वेळेतली चाल सारखी असते, त्यावर वाच. हे खरं का, आणि खरं असेल तर लॅबमधल्या ओरडीला त्याचा काय उपयोग, असं त्यांनी विचारलंय.

मी चोवीस वर्षं लातुरात नेटवर्कचं काम करतोय. मेंदूचा तज्ज्ञ मी नाही. त्याबद्दल जेवढं नीट वाचलंय तेवढंच लिहीन. पण या विषयाचा पहिला धडा मला ना पुस्तकात मिळाला, ना सर्व्हर रूममध्ये. तो औसा तालुक्यात मामांच्या शेतात मिळाला. एका वर्षी मी शहाणपणानं म्हणालो, “मामा, यंदा पाऊस सरासरीएवढा झालाय की.” मामा म्हणाले, “सरासरी काय खायाची का? शेंगा भरायच्या टायमाला बावीस दिवस खंड पडला. मग चार दिवसांत सगळा पडून गेला.”

मराठवाड्याचा पाऊस वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास. पण आपल्याकडे कोणी तेवढ्यावर बोलत नाही. पेरणी झाली का, झड किती दिवस लागली, उघडीप कधी मिळाली, खंड किती दिवसांचा पडला, ही आपली भाषा. २०२३चा ऑगस्ट आठवा. देशभरात १९०१पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट होता तो. सोयाबीन फुलोऱ्यात आणि आभाळ कोरडं. त्या दिवसांत हंगामाची सरासरी सांगणाऱ्याला कोणी दारात उभं केलं नसतं.

तुमच्या आलेखाचं हेच झालंय. तुम्ही सरासरी बघताय, लॅबमधली पोरं खंड आणि झड भोगतायत.

आधी हिशोब करू. तुमचा आलेख बहुधा दर पाच मिनिटांना एक बिंदू काढतो. पाच मिनिटं म्हणजे ३०० सेकंद. एक जीबीपीएसच्या लाइनवरून तेवढ्या वेळात जास्तीत जास्त ३०० गिगाबिट जाऊ शकतात. त्यातले ९० गेले, म्हणून आलेख म्हणाला तीस टक्के. आता हे ९० गिगाबिट ३०० सेकंद संथ धारेनं गेले असतील, किंवा ९० सेकंद लाइन तुडुंब आणि उरलेले २१० सेकंद रिकामी असेल. बिंदू दोन्हीकडे तोच, त्याच उंचीवर. पहिल्या लॅबमध्ये कोणाला काही जाणवणार नाही. दुसरीत दीड मिनिट सगळे तुम्हाला शिव्या घालतील आणि तुम्ही तक्रार बघायला येईपर्यंत सगळं सुरळीत झालेलं असेल. ‘सर आले की नेट चालतंय’ हा जो विनोद प्रत्येक कॉलेजात होतो, त्यामागे हे आहे.

खरी अडचण तर दीड मिनिटापेक्षा फार बारीक वेळात होते. तुमचा सर्व्हर स्विचला (सगळी मशीनं जोडणाऱ्या डब्याला) दहा जीबीपीएसनं जोडलेला आहे आणि बाहेर जाणारं पोर्ट एक जीबीपीएसचं आहे, असं धरा. सर्व्हरनं एकदम ओतायला सुरुवात केली तर सेकंदाला नऊ गिगाबिट या हिशोबानं माल साठत जातो. पोर्टला दीड एमबीचा बफर (माल तात्पुरता ठेवायची जागा) असेल, म्हणजे १२ मेगाबिट, तर तो साधारण १.३ मिलिसेकंदात भरतो. त्यानंतर येणारं पॅकेट सरळ टाकून दिलं जातं. तुमच्या आलेखाच्या एका बिंदूत असे तीन लाख मिलिसेकंद मावतात. त्यातल्या दीडात काय झालं ते त्याला कुठून दिसणार?

आता एक छोटं गणित, जे मी प्रत्येक नव्या पोराला पहिल्या दिवशी घालतो. स्टँडबाहेर एका तासात दहा जीपगाड्या सुटतात. पहिल्या गावाला त्या बरोबर दर सहा मिनिटांनी सुटतात. दुसऱ्या गावाला दहा गाड्या एकेका मिनिटाच्या अंतरानं लागोपाठ निघून जातात, आणि मग ५१ मिनिटं एकही नाही. दोन्हीकडे तासाला दहा, सरासरी अंतर सहा मिनिटं. तुम्ही घड्याळ न बघता कधीही स्टँडवर पोहोचलात तर पहिल्या गावाच्या गाडीसाठी सरासरी तीन मिनिटं थांबाल. दुसऱ्या गावाच्या गाडीसाठी? पोरं म्हणतात, पाच-सहा मिनिटं. उत्तर २१ मिनिटं ४५ सेकंद आहे. कारण तुम्ही त्या ५१ मिनिटांच्या खंडातच सापडण्याची शक्यता साठात एक्कावन्न, आणि त्यात सापडलात की सरासरी साडेपंचवीस मिनिटं गेली. खंड जितका लांब तितकी माणसं त्यात जास्त अडकतात. म्हणून ‘दर तासाला दहा गाड्या आहेत’ असं जीपवाल्यानं सांगितलं आणि ‘गाडीच नसते’ असं प्रवाशानं सांगितलं, तर दोघंही खरं बोलतायत.

हे मोजायला एक साधं माप आहे, गो आणि बाराबाशी या संशोधकांनी २००८मध्ये सुचवलेलं. दोन घटनांमधल्या अंतरांचं प्रमाण विचलन (ती सरासरीपासून किती पसरलीत ते) काढा, त्यातून सरासरी वजा करा, आणि या दोघांच्या बेरजेनं भागा. अगदी घड्याळासारखी चाल असेल तर उत्तर उणे एक. निव्वळ योगायोगानं घटना घडत असतील तर शून्य. एकाच्या जितकं जवळ जाल तितकी चाल झड-खंडाची. वरच्या दुसऱ्या गावात सरासरी ६, प्रमाण विचलन १५, म्हणजे ९ भागिले २१, सुमारे ०.४३. वहीच्या पाठकोऱ्या पानावर होतं.

‘निव्वळ योगायोग’ कुठून आला ते सांगतो, कारण सगळा घोळ तिथून सुरू झालाय. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत एर्लांग नावाचे गणिती होते. १९०९मध्ये त्यांनी दाखवलं की, एक्स्चेंजवर येणारे फोन प्वासाँच्या नियमानं येतात. म्हणजे आधीचा फोन कधी आला याचा पुढच्याशी संबंध नाही. या चालीचा एक मोठा गुण आहे. पुष्कळ लोकांचे फोन एकत्र केले की चढ-उतार एकमेकांत मुरतात आणि वरून सपाट दिसू लागतं. टेलिफोनचं सगळं जाळं याच भरवशावर उभं राहिलं आणि छान चाललं. तो भरवसा पुढे जसाच्या तसा कॉम्प्युटरच्या नेटवर्कला लावला गेला.

मग बेलकोर या अमेरिकी प्रयोगशाळेतल्या इथरनेटवर १९८९ ते १९९२ या काळात बारकाईनं मोजमाप झालं. लेलँड, ताक्कू, विलिंजर आणि विल्सन यांनी ते १९९३मध्ये मांडलं. त्यांनी एकच रहदारी वेगवेगळ्या काट्यांनी मोजली, शंभर सेकंदांच्या, दहाच्या, एकाच्या, असं करत शंभरांश सेकंदापर्यंत. प्वासाँ खरा असता तर मोठ्या काट्यावर आलेख सपाट व्हायला हवा होता. झाला नाही. प्रत्येक काट्यावर तोच खडबडीतपणा. झडीच्या आत झड, खंडाच्या आत खंड.

हा खडबडीतपणा मोजायला त्यांनी जे माप वापरलं ते आलं कुठून? नाईल नदीतून! हॅरोल्ड हर्स्ट हे ब्रिटिश जलतज्ज्ञ इजिप्तमध्ये कित्येक वर्षं नदीच्या नोंदी तपासत होते. प्रश्न धरणाचा होता. किती मोठं बांधावं म्हणजे ते ओसंडून वाहणार नाही आणि कोरडंही पडणार नाही? चांगली-वाईट वर्षं एकमेकांशी संबंध न ठेवता येत असतील तर चौपट काळाची तजवीज करायला दुप्पट साठा पुरतो. हर्स्टना नोंदींत वेगळंच दिसलं. त्यांनी १९५१मध्ये जो घातांक छापला तो अर्ध्याऐवजी ०.७२च्या आसपासचा होता. म्हणजे चौपट काळाला दुप्पट नव्हे, सुमारे पावणेतीनपट साठा लागतो. वाईट वर्षं वाईट वर्षांना चिकटून येतात. हे आपल्याला इजिप्तनं शिकवायला नको. २०१४ गेलं, २०१५ त्याच्या पाठोपाठ तसंच गेलं, आणि एप्रिल २०१६मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. बेलकोरच्या इथरनेटवर हाच घातांक ०.८च्या आणि त्याहून वरच्या घरात निघाला.

धरणाच्या जागी बफर ठेवा, तुमच्या प्रोजेक्टचा निम्मा भाग तयार. चाल अशी चिकट असली की बफर वाढवून पॅकेट गळणं फारसं कमी होत नाही. उलट रांग लांबते. दहा एमबीपीएसच्या लाइनवर एक एमबीचा बफर भरला तर तो रिकामा व्हायला ०.८ सेकंद लागतात, आणि तेवढा उशीर व्हिडिओ कॉलची वाट लावायला पुरेसा आहे. हे लक्षात यायला मला स्वतःला बरीच वर्षं लागली. त्याआधी एका कॉलेजला मी हौसेनं मोठ्या बफरचा राउटर लावून दिला होता आणि तक्रारी वाढल्या होत्या.

हे का होतं, याचं उत्तरही सापडलंय. लोक जे मागवतात त्याचे आकार फार विषम असतात. शंभरातल्या नव्वद फाइली चिल्लर, आणि दोन-चार अशा की त्यांतच निम्मा डेटा जातो. क्रोव्हेला आणि बेस्टाव्हरोस यांनी वेबबद्दल हे नव्वदच्या दशकात दाखवलं. मोठी फाइल सुरू झाली की ती बराच वेळ लाइन धरून बसते. असे हजारो धरून बसणारे एकत्र केले तरी मुरत नाहीत. पण इथे एक मेख आहे, आणि ती परीक्षेत नक्की विचारा असं मी तुमच्या सरांना सांगेन. पॅक्सन आणि फ्लॉइड यांनी दाखवलं की, माणूस नेटवर्कवर कधी येतो हे तासाभराच्या टप्प्यात अजूनही बरंचसं प्वासाँसारखंच असतं. आल्यावर त्याची पॅकेटं जी सुटतात, ती तशी नसतात. एर्लांग चुकले नव्हते. त्यांनी माणसं मोजली होती, आपण पॅकेटं मोजतोय.

माणसांकडे येऊ. २००५मध्ये बाराबाशींनी लोकांच्या ईमेलमधली अंतरं तपासून सांगितलं की, तिथेही झड आणि खंड आहेत. कारण त्यांनी असं दिलं: आपण कामं आली त्या क्रमानं करत नाही, महत्त्वाची आधी उरकतो. त्यामुळे बहुतेक कामं लगेच होतात आणि काही बिचारी महिनोन्महिने तळाशी पडून राहतात. डार्विन आणि आइनस्टाइन यांनी पत्रांना उत्तरं किती दिवसांनी दिली हे तपासलं तर तिथेही अशीच लांब शेपटी निघाली. म्हणजे हा मोबाइलचा रोग नव्हे. माझ्या टेबलावरच्या कुठल्याही ट्रेमधला सगळ्यात खालचा कागद हेच सांगेल.

मला ही मांडणी आवडते, पण तिच्यावर आलेला आक्षेप जास्त पटतो. माल्मग्रेन, आमाराल वगैरे मंडळींनी २००८मध्ये म्हटलं की, एवढं मोठं कारण कशाला? माणूस रात्री झोपतो, रविवारी सुट्टी घेतो, आणि एकदा बसला की चार मेल एकदम लिहितो. एवढं धरलं तरी तशीच शेपटी मिळते. आमच्याकडच्या होस्टेलांचा आलेख बघितला की हे डोळ्यांनी दिसतं. लातुरात बाहेरगावची पोरं शिकायला ठेवलेली. अभ्यासिका साडेदहाला सुटते. १० वाजून २५ मिनिटांपर्यंत रेघ जमिनीला टेकलेली, ३५ला भिंतीसारखी उभी. पहिल्यांदा बघितली तेव्हा मला वाटलं कुठेतरी लूप झालाय, म्हणजे पॅकेटं गोल गोल फिरतायत. मी फोन केला तर तिथला वॉर्डन म्हणाला, “काही नाही साहेब, पोरं आता मोबाइल बघायलेत.” त्या उभ्या भिंतीत प्राधान्यक्रम वगैरे काही नाही. घंटा आहे.

मेंदूचं बघा. एड्गर एड्रियन यांनी १९२०च्या दशकात एकेका मज्जातंतूतले विजेचे ठोके टिपले. ठोका पडतो किंवा पडत नाही, लहान-मोठा होत नाही. म्हणजे जो संदेश आहे तो ठोक्यांच्या वेळांतच असणार. पॅकेटवाल्याला हे ऐकून घरी आल्यासारखं वाटतं. मेंदूच्या बाहेरच्या थरातल्या पेशींचे ठोके बरेच अनियमित असतात, वरच्या मापात शून्याजवळ घुटमळणारे. पण आत थॅलॅमस नावाच्या भागातल्या पेशी दोन तऱ्हांनी बोलतात. जागेपणी सुटे सुटे ठोके. झोपेत झुबके. झुबक्याची यंत्रणा विलक्षण आहे. पेशीच्या पटलावर कॅल्शियम आत सोडणारी एक जातीची दारं असतात, आणि पेशी सुमारे एक दशांश सेकंद दबून गप्प राहिली तरच ती पुन्हा उघडण्याजोगी होतात. मग जरासा धक्का मिळाला की एकदम चार-पाच ठोके धडाधड. इथे खंडच झडीची तयारी करतो.

पेशींच्या समूहाबद्दल बेग्ज आणि प्लेन्झ यांचं २००३चं काम प्रसिद्ध आहे. उंदराच्या मेंदूच्या कापांवर इलेक्ट्रोडची जाळी ठेवून त्यांनी दाखवलं की, हालचाल दरडी कोसळाव्यात तशी होते. लहान दरडी पुष्कळ, मोठ्या थोड्या, आणि एक पेशी सरासरी साधारण एकाच पेशीला पुढे चेतवते. एकाहून कमी असतं तर सगळं विझलं असतं, जास्त असतं तर पेटलं असतं. जिवंत, जाग्या मेंदूत हे कितपत लागू, यावर अजून वाद आहे. तुमच्या प्रोजेक्टमध्ये ‘मेंदू असाच चालतो’ असं ठोकून देऊ नका.

तर सरांचं म्हणणं खरं का? आलेखापुरतं बऱ्याच अंशी खरं. कारणांच्या बाबतीत नाही. नेटवर्कमध्ये फाइलींचे आकार, माणसांत झोप, घंटा आणि टाळाटाळ, पेशीत कॅल्शियमची दारं. १९९३मध्ये किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा नंतरचे धक्केही आधी लागोपाठ आणि मग लांबत गेले होते. म्हणून कोणी जमिनीला मेंदू म्हणत नाही. शेपटी सारखी दिसली की नातं जुळवायची घाई या विषयात फार होते.

कामाला येतं असं साम्य मला दुसऱ्याच ठिकाणी दिसलं. आमच्या एका भागात बाराशेच्या आसपास कनेक्शनं होती. लोडशेडिंगनंतर लाइट आली की घराघरातले राउटर एकाच मिनिटात उठायचे आणि सगळे एकदम आमच्या सर्व्हरला ‘मला आत घ्या’ म्हणायचे. सर्व्हर गुदमरला की उत्तर नाही. उत्तर नाही की सगळे ठरलेल्या सेकंदांनी परत विचारणार, पुन्हा एकदम. “लाइट आली की नेट दहा मिनिटं येईनाच” ही तक्रार मी तीन महिने लाइनमध्ये शोधत होतो. शेवटी मिलिसेकंदाच्या नोंदी काढल्या तेव्हा कंगव्याच्या दातांसारख्या सारख्या अंतरावरच्या उभ्या रेघा दिसल्या. फ्लॉइड आणि जेकबसन यांनी राउटर आपोआप एका तालात येतात, हे नव्वदच्या दशकातच दाखवलं होतं आणि औषधही सांगितलं होतं: तालात मुद्दाम गडबड करा. आम्ही ताब्यातल्या राउटरांत शून्य ते नव्वद सेकंदांमधला एक आकडा चिठ्ठी काढल्यासारखा घातला. उठल्यावर तेवढं थांबायचं, मग विचारायचं. दहा मिनिटांचं काम दोन मिनिटांवर आलं. सर्व्हर तोच, लाइन तीच.

आता लहान मुलांना येणारी एक प्रकारची फिट असते, ज्यात मूल काही सेकंद टक लावून बघत राहतं. त्या वेळचा ईईजी (मेंदूतल्या विजेचा आलेख) बघितलात तर सेकंदाला साधारण तीन अशा एकसारख्या, देखण्या लाटा दिसतात. मूल शुद्धीवर असतानाचा आलेख मात्र गिचमिड. मला ते चित्र पहिल्यांदा दिसलं तेव्हा लाइट आल्यानंतरचा माझा कंगवा आठवला. तेव्हापासून फार नीटनेटका आलेख दिसला की मी आधी घाबरतो.

प्रोजेक्टसाठी सांगायचं तर, पाच मिनिटांच्या बिंदूंवर काही करू नका. स्विचचं पोर्ट मिरर करून, म्हणजे त्यावरच्या पॅकेटांची नक्कल वळवून, एका मशीनवर पॅकेटच्या वेळा मायक्रोसेकंदापर्यंत घ्या. आतला मजकूर घेऊ नका, फक्त वेळ आणि आकार. लेखी परवानगी आधी. मग अंतरं काढून वरचं माप लावा. नंतर तीच अंतरं पत्ते पिसतात तशी पिसा आणि एक, दहा, शंभर मिलिसेकंदांच्या काट्यांवर आलेख परत काढा. पिसल्यानं ते माप बदलणार नाही, कारण अंतरं तीच आहेत. पण मोठ्या काट्यावरचा खडबडीतपणा जर पिसल्यावर बराच ओसरला, तर तुमच्या रहदारीला स्मरण आहे, म्हणजे झड झडीला चिकटून येते, आणि बफर वाढवून भागणार नाही. अशा वेळी राउटरवर एफक्यू-कोडेलसारखी रांगेची शिस्त लावून बघा, जी रांग लांबू देत नाही आणि एकालाच सगळी लाइन धरू देत नाही. ती आज साध्या लिनक्सवरही फुकट मिळते. लॅबमधल्या ओरडीवर पहिला उतारा हाच, नवी लाइन नव्हे.

आणि एक. मला एकदा एका नेटवर्कमध्ये बरोबर दर पाच मिनिटांनी येणारा सुंदर ठोका सापडला होता. दोन दिवस मी त्याच्या मागे होतो. तो माझ्याच मॉनिटरिंग सर्व्हरचा निघाला, दर पाच मिनिटांनी सगळ्या स्विचना एकदम ‘बरे आहात ना’ विचारणारा. तेव्हा नोंदींतून तुमच्या मॉनिटरिंग मशीनचा आयपी पहिल्याच दिवशी वगळा.